विकत न घेतलेली भाजी

रोजच्या जेवणात भाज्या आणि फळं वाढवा, हे आता डॉक्टरही सांगतात आणि पोरांच्या शाळेतूनही ऐकू येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत त्याचं मापही दिलं आहे. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं हवीत. चार माणसांच्या घरात ही रोजची दीड किलोहून जास्त भाजी झाली. नागपुरात गोकुळपेठेच्या बाजारात पिशवी घेऊन उभं राहिलं आणि हा हिशेब मांडला, की महिनाअखेरीला पोटात गोळा येतो. म्हणूनच या सल्ल्याच्या मागे जाऊन पाहावंसं वाटतं. नागपूर आणि आसपासच्या घरांत पूर्वी भाजी यायची कुठून? माझं उत्तर असं आहे, की त्यातली बरीचशी कधी विकत घेतलीच जात नव्हती.

कापूस, तूर आणि ज्वारीच्या शेतात पेरणीच्या वेळी तिफणीमागे सरतं, म्हणजे बी सोडायची नळी, धरून बाई चालायची. मुख्य पीक घरधन्याचं, पण मधल्या एखाद्या तासात, म्हणजे ओळीत, काय टाकायचं, हे तिच्या मुठीवर होतं. अंबाडी, चवळी, भेंडी, काकडी, वाळकं हे सगळं त्या मुठीतून पडायचं. पाऊस लागला की न पेरलेलं उगवायचं. बांधावर तरोटा (टाकळा), ओलाव्याच्या जागी घोळ आणि चिवळ, कुंपणावर काटवलाचा (करटोलीचा) वेल. निंदणाला गेलेल्या बायका संध्याकाळी परतताना पदरात भाजी घेऊनच यायच्या. पिकाला जे तण, तेच रात्रीचं कोरड्यास, भाकरीबरोबरचं तोंडीलावणं. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खुडायचे, कारण शेंडा खुडला की झाड फुटतं, फांद्या वाढतात आणि घाटेही जास्त धरतात. खुडलेला पाला ताटात यायचा. करडईची विरळणी केली की त्या कोवळ्या रोपांचीही भाजी व्हायची. शेतीच्या कामातूनच स्वयंपाक निघत होता. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता, वेगळा पैसाही लागत नव्हता.

उन्हाळ्यात मात्र सगळं करपायचं. पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या या मुलखात एप्रिल-मेमध्ये हिरवं पान दिसणं मुश्कील. मग हिवाळ्यात वाळवून ठेवलेली मेथी आणि हरभऱ्याचा पाला निघायचा, गवारीच्या वाळलेल्या शेंगा आणि सांडगे निघायचे. तेही संपलं की बेसन आणि डाळ. पातोडीचा रस्सा, झुणका, गोळाभात यांना आज आपण वैदर्भीय चव म्हणून मिरवतो. मला त्यांत भाजी नसलेल्या दिवसांची सोय दिसते, आणि त्यामुळे त्या पदार्थांबद्दलचा आदर वाढतोच.

सणांनी या वैविध्याला शिस्त लावली. आषाढातल्या कांदेनवमीला कांदा-वांग्याचा शेवटचा घास घ्यायचा आणि थेट चंपाषष्ठीला भरताने वांग्याचं स्वागत करायचं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून परसातल्या आणि रानातल्या भाज्या एकत्र शिजतात. महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. नागपूरच्या महाल, इतवारीतल्या घरांत आजही त्या दिवशी सोळा मोजून घेतात. एखादी कमी पडली तर शेजारणीकडून दोन पानं तरी आणतात.

त्या सोळांतल्या कितीतरी मुळात परक्या आहेत. आलू, भेद्रं (टोमॅटो) आणि मिरची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती हिंदुस्थानात आली. फुलकोबीचं बी १८२२ साली इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आलं. मिरची तर इतकी आपली झाली, की भिवापूरच्या मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे. आज ज्या भाज्या पोटभर आणि बारमाही मिळतात, त्या बहुतेक या नव्या पाहुण्या. जुन्या, पानांच्या भाज्या मात्र मागे सरल्या.

फळांची गोष्ट वेगळी आहे. संत्रं भोसल्यांच्या काळात औरंगाबादकडून इकडे आलं, असं मानलं जातं. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे नागपूरला पोहोचली आणि पुढे १८९१ मध्ये बंगाल-नागपूर मार्गाने कलकत्त्याशी जोडणी झाली. सैल सालीचं हे फळ पाटीतून डब्यात गेलं. रेल्वे स्टेशनाला लागून संत्रा मार्केट आहे, यातच सगळं आलं. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीच्या बागा बाजारासाठी वाढल्या. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने राज्यभर नवी लागवड झाली, आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला मानांकन मिळालं. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची साधारण फेब्रुवारीनंतर, म्हणजे वर्षातले बरेच महिने फळ दारात. तरी ते जेवणाच्या ताटात कधी बसलं नाही. फळ म्हणजे उपवास, ओटी, नाहीतर दवाखान्यात कोणाला भेटायला जाताना न्यायची पिशवी. मला हे मनापासून लागतं. पालेभाजीतलं लोह शरीरात मुरायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. भाजीवर लिंबू पिळण्याची आपली सवय म्हणूनच शहाणपणाची आहे, आणि जेवणाबरोबर संत्र्याच्या चार फोडी खाल्ल्या तर तेच काम होतं.

विज्ञानाची बाजूही याच मुलखाला स्पर्श करून गेली आहे. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू केलेल्या छोट्या संशोधनातूनच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. तिथल्या वॉलेस अॅक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्याच्या दोन वर्षं आधी, १९३५ मध्ये, गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये हिरव्या पानांवर लिहिलं होतं. ही पानं प्रत्येक गावात नुसती खुडायच्या कष्टावर मिळतात आणि तरी ती शहरी चैन समजली जाते, हे त्यांचं दुःख होतं. स्वच्छ धुतलेली थोडी कच्ची पानं रोज खावीत, हा त्यांचा आग्रह. त्याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू होतं, नागपूरहून गाडीने दीड-दोन तासांवर. फळं-भाज्या मिळून रोज ४०० ग्रॅमचं माप जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात आलं ते १९९० मध्ये.

आणि साधारण त्याच काळात आमच्याकडे बांधावरची भाजी संपत होती. ऐंशीच्या दशकापासून ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. सलग पिकात मधलं तास उरलं नाही आणि ट्रॅक्टरच्या पेरणीत सरतं धरणारी बाईही उरली नाही. मग तणनाशक आलं. त्याला तरोटा आणि घोळ सारखेच. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, तो मिळायलाच हवा. पण भाजी रेशनवर येत नाही. ती बाजारभावाने आणावी लागते, आणि भाव चढला की घरातली बाई आधी स्वतःच्या ताटातली कमी करते. शहरातही असंच झालं. महालातल्या वाड्यांना परस होतं. विहिरीच्या सांडपाण्यावर कढीपत्ता, लिंबू, मुंगना (शेवगा), पेरू, सीताफळ उभं असायचं. वाड्यांच्या जागी फ्लॅट आले तेव्हा पहिल्यांदा गेलं ते हे परस.

काही परत येतंय. जिल्हा परिषदेच्या शाळांत परसबागा होत आहेत, त्यातली मेथी-पालक मुलांच्या दुपारच्या खिचडीत पडते. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. बुधवार बाजारात पावसाळ्यात गावाकडच्या बायका तरोट्याच्या जुड्या घेऊन बसतात. घेणाऱ्यांपैकी अर्ध्यांना ती शिजवता येत नाही, म्हणून विकणारीच सांगते, “कोवळीच घ्या बाई. तुरीची डाळ थोडी भिजवून टाका, कांदा-लसूण सढळ, लाल मिरची तोडून घाला. पाणी नका टाकू, सांबार वरून घाला, अन् लिंबू पिळाच.” सांबार, म्हणजे कोथिंबीर, ती फुकट देते.