४४६ बाइटांच्या जागेत काय मावते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवल्यापासून जुन्या संगणकावर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवण्याची चर्चा वाढली आहे. अशा संगणकावर पुढे विंडोज नव्याने टाकले की विंडोज की लिनक्स हे विचारणारी सुरुवातीची निवड-यादी नाहीशी होते आणि ‘लिनक्स उडाले, आता सगळे फॉरमॅट करा’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला बहुधा चुकीचा असतो.

जुन्या बायोस (मदरबोर्डवरचा, संगणक सुरू करून देणारा प्रोग्रॅम) पद्धतीत संगणक डिस्कचा फक्त पहिला, ५१२ बाइटांचा सेक्टर (डिस्कचा छोटा कप्पा) मेमरीत आणतो. त्यातील शेवटचे दोन बाइट ओळखखुणेचे असतात आणि त्यांच्या आधीचे ६४ बाइट चार पार्टिशनांच्या (डिस्कच्या स्वतंत्र विभागांच्या) नोंदींनी व्यापलेले असतात, म्हणून प्रत्यक्ष प्रोग्रॅमसाठी ४४६ बाइटच उरतात. लिनक्सच्या ईएक्सटी४ सारखी फाइल-व्यवस्था (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) समजून घेणारा प्रोग्रॅम एवढ्यात मावणे अशक्य आहे. लिनक्सचा बूट लोडर (कार्यप्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम) ग्रब यावर सुरेख तोड काढतो: या जागेतला त्याचा तुकडा फाइल म्हणजे काय हे जाणतच नाही, त्याच्यात एका सेक्टरचा क्रमांक कोरलेला असतो आणि तो सेक्टर वाचून तिकडे उडी मारणे एवढेच त्याचे काम असते. त्या सेक्टरपासून, पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या पट्ट्यात, ग्रबचा गाभा असतो. फाइल-व्यवस्था त्याला कळते आणि निवड-यादीची फाइल तोच शोधून काढतो.

विंडोजचा इन्स्टॉलर त्या ४४६ बाइटांवर स्वतःचा प्रोग्रॅम लिहितो, त्यामुळे साखळीची पहिली कडी तेवढी तुटते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरचे लिनक्स डिस्कवर न बसवताच चालते) संगणक सुरू करून, लिनक्सचे मूळ पार्टिशन माउंट करून (वापरासाठी जोडून) ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवले की ती पुन्हा जुळते. मात्र ही आज्ञा पार्टिशनला नव्हे, संपूर्ण डिस्कला उद्देशून द्यावी लागते. ‘एका क्लिकमध्ये दुरुस्ती’ अशी जाहिरात करणाऱ्या सशुल्क सॉफ्टवेअरकडे याहून निराळी जादू असण्याचे कारण नाही.

बायोसऐवजी यूईएफआय ही नवी पद्धत वापरणाऱ्या संगणकांत बूट लोडर एका छोट्या फॅट३२ पार्टिशनवर साध्या फाइलच्या रूपात असतो आणि कोणाला आधी चालवायचे हा क्रम मदरबोर्डच्या स्मृतीत असतो. तिथे विंडोज बहुधा स्वतःला पहिल्या क्रमांकावर नेते, इतकेच. सेटिंगमध्ये क्रम बदलला की पुष्कळदा भागते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्यतनाने सिक्युअर बूटच्या (फक्त विश्वासार्ह ठरवलेले बूट लोडर चालू देणाऱ्या सुरक्षा-सोयीच्या) नियमांत जुने लिनक्स बूट लोडर बाद ठरवले, तेव्हाही अनेकांचे लिनक्स सुरू होईना, पण डिस्कवरील माहिती शाबूत होती. सिक्युअर बूट बंद करून पाहणार असाल, तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी, कारण या बदलानंतर विंडोज ती मागू शकते.