बायसन लोळतो तिथे

अमेरिकेत कॅन्ससमधल्या कोंझा प्रेअरीवर, म्हणजे गवताळ माळावर, बायसन चरतात. बायसन म्हणजे आपल्या दाजीपूरच्या गव्याचा लांबचा नातलग. त्या माळावर जागोजागी बशीसारखे उथळ खळगे दिसतात. आठ-नऊशे किलोचा नर शिंगांनी माती उकरतो आणि धुरळा उडवत लोळण घेतो. अंगावरच्या माश्या, किडे तेवढेच कमी. पुन्हा पुन्हा तीच जागा वापरल्याने माती दाबून घट्ट होते. पावसाचे पाणी मुरत नाही, साचते. मग तिथे बेडूक अंडी घालतात आणि एरवी त्या माळावर न दिसणारी झाडेही उगवतात.

बायसनचे खाणे मुख्यतः गवत. फुलझाडांना तो फारसे तोंड लावत नाही. उंच गवत खुडले गेले की खालच्या रोपांना ऊन मिळते. कोंझातल्या सुमारे तीन दशकांच्या नोंदी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. बायसन चरणाऱ्या भागात देशी वनस्पतींच्या प्रजाती दुप्पट झाल्या होत्या. पाळीव गुरांनीही भर पडली, पण बरीच कमी.

कोट्यवधींच्या घरात असलेला हा प्राणी १८८०च्या दशकाअखेर हजाराच्या आसपास आला. कातड्याचा व्यापार होताच. शिवाय बायसन संपला की त्याच्यावर जगणाऱ्या जमाती नमतील, असा हिशेब काही लष्करी अधिकारी उघडपणे मांडत होते.

तो वाचला याचे श्रेय सहसा सरकारी उद्यानांना दिले जाते. ते अपुरे आहे. मोंटाना राज्यातल्या ब्लॅकफीट जमातीच्या प्रदेशातून १८७०च्या दशकात आदिवासींनी काही वासरे डोंगरापलीकडे फ्लॅटहेड या आदिवासींच्या राखीव प्रदेशात नेली. त्यांचा वंश तिथले पशुपालक मिशेल पाब्लो यांच्या कळपात वाढला. पुढे ती जमीन वसाहतीसाठी खुली होणार म्हटल्यावर १९०७ पासून कळप कॅनडाला विकला गेला आणि त्यातले काही एल्क आयलंड उद्यानात राहिले. त्यांच्याच वंशातली ८७ वासरे २०१६ मध्ये ब्लॅकफीट जमातीकडे परतली. २०२३ मध्ये चीफ माउंटनजवळ कळप मोकळा सोडला.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या कळपांची अडचण निराळी. गुरांकडूनच त्यांना ब्रुसेलोसिस हा रोग लागला. त्यात गाभण जनावर गाभडते. आता पशुपालकांना त्याचीच धास्ती, म्हणून हिवाळ्यात उद्यानाबाहेर आलेले कितीतरी बायसन कत्तलखान्यात जात. त्यातले काही हल्ली विलगीकरणात ठेवून तपासतात. निरोगी ठरलेले मोंटानातल्याच फोर्ट पेकच्या असिनिबोइन आणि सू जमातींकडे जातात, आणि तिथून इंटरट्रायबल बफेलो कौन्सिल या जमातींच्या संघटनेमार्फत इतर जमातींकडे (अमेरिकेत बायसनलाच ‘बफेलो’ म्हणतात). ही वाटणी नुसती दानत नव्हे. कुंपणातल्या छोट्या कळपांत नात्यातल्या नात्यात प्रजनन होऊन वंश कमजोर पडतो. अधूनमधून बाहेरचे रक्त मिसळावेच लागते.