खरूज, लहान मुलांतील

खरूज हा ‘सार्कोप्टिस स्केबिआय’ नावाचा, कोळी आणि गोचीड यांच्या वर्गातला आठ पायांचा सूक्ष्म परजीवी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात शिरून राहिल्यामुळे होणारा, तीव्र खाज आणणारा सांसर्गिक रोग आहे. बोलताना ‘खरूज-नायटा’ अशी जोडी लावण्याची आपली सवय असली, तरी नायटा बुरशीमुळे होतो आणि खरूज किड्यामुळे, त्यामुळे एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. कुत्र्यांना होणारी लूत याच किड्याच्या निराळ्या प्रकारामुळे होते. लूत लागलेल्या पिलाला कुरवाळणाऱ्या मुलाला काही दिवस खाज सुटू शकते. मात्र तो प्रकार माणसाच्या कातडीत वंश वाढवू शकत नसल्याने ती आपोआप थांबते. जगात कोणत्याही एका वेळी २० कोटींहून अधिक लोकांना खरूज असते, असा अंदाज आहे, आणि तिचा मोठा वाटा लहान मुलांच्या अंगावर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला.

किड्याची मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब असते. ती मृत पेशींच्या थरात बीळ कोरत पुढे सरकते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि चार ते सहा आठवडे जगते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात व त्यांतून निघालेले जीव सुमारे दोन आठवड्यांत प्रौढ होतात. संपूर्ण अंग खाजवणाऱ्या रुग्णाच्या शरीरावरही एरवी १० ते १५ किडेच असतात, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. खाज ही किड्याच्या चालण्याची नसून किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांविरुद्ध शरीराने उभ्या केलेल्या प्रतिक्रियेची असते, म्हणूनच बिळे नसलेल्या जागीही पुरळ उठते.

ही प्रतिक्रिया तयार व्हायला वेळ लागतो आणि या रोगाचे बहुतेक घोटाळे तेथेच सुरू होतात. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही. पूर्वी खरूज होऊन गेलेल्याला मात्र एक ते चार दिवसांत खाज सुटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी, युद्धात शस्त्र घेण्यास सद्सद्विवेकाने नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग करून हा मुका काळ प्रत्यक्ष दाखवून दिला. याचा घरगुती अर्थ असा की, ज्या दिवशी बाळाच्या अंगावर पुरळ दिसते, त्या दिवशी त्याला कडेवर घेणारी आजी, शेजारी झोपणारा भाऊ आणि तेल लावायला येणारी बाई यांपैकी कोणालाही काही होत नसले, तरी किडा त्यांच्या अंगावर असू शकतो. मुलाच्या खरजेचे निदान हे खरे तर घराचे निदान असते.

लक्षणे : रात्री, अंथरुणात ऊब आल्यावर वाढणारी खाज हे प्रमुख लक्षण होय. शाळकरी मुलांत बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कोपर, काखेच्या कडा, बेंबीभोवतीचा भाग, करगोटा बांधतात ती कमरेची रेघ, नितंब आणि मुलग्यांत लिंग व वृषण या जागी बारीक पुटकुळ्या व ओरखडे दिसतात. मोठ्यांच्या खरजेत चेहरा आणि डोके सहसा सुटतात. तान्ह्या बाळांत तसे होत नाही. त्यांच्या तळहातांवर, तळपायांवर, मानेवर, चेहऱ्यावर, टाळूवरही पाण्याचे किंवा पुवाचे फोड येतात, आणि काखेत वा जांघेत लालसर-तपकिरी कठीण गाठी उठतात. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला खाजवताच येत नाही. ते रात्रभर किरकिर करते, अंगावर नीट पीत नाही, एका पायाने दुसरा पाय घासत राहते. घरचे पोटदुखी समजून घुटी उगाळतात. अशा बाळाच्या तळपायाची कमान उजेडात न्याहाळली, तर पांढुरक्या-करड्या रंगाची, अर्ध्या-एक सेंटिमीटरची नागमोडी रेघ आणि तिच्या टोकाला काळसर ठिपका दिसू शकतो. ती रेघ म्हणजे बीळ, आणि ठिपका म्हणजे आत बसलेली मादी.

निदान : निदान बहुतांशी विचारपूस आणि तपासणी यांवरच होते, रक्ताची कोणतीही चाचणी लागत नाही. २०२० मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने एकमताने ठरवलेल्या निकषांनुसार किडा, अंडी किंवा विष्ठा प्रत्यक्ष दिसल्यास खरूज ‘सिद्ध’ समजतात. बीळ दिसल्यास, पुरुषाच्या जननेंद्रियावर नमुनेदार पुटकुळ्या असल्यास, किंवा नमुनेदार जागी नमुनेदार पुरळ असून खाज आणि खाजणाऱ्या माणसाशी संपर्क या दोन्ही गोष्टी असल्यास ती ‘वैद्यकीय तपासणीनुसार’ निश्चित धरतात. याहून कमी पुरावा असल्यास तो ‘संशयित’ रुग्ण होय. म्हणून ‘घरात आणखी कोणाला खाज आहे का’ या प्रश्नाचे मोल पुष्कळ असते. तो आईला विचारून भागत नाही, कारण जांघेतली खाज सासऱ्यांनी सुनेला सांगितलेली नसते.

बीळ शोधण्यासाठी संशयित जागी शाईपेनची शाई चोळून ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. वरची शाई निघून जाते आणि बिळात मुरलेली तेवढी रेघेसारखी उरते. या चाचणीला सुई लागत नाही, मूल रडत नाही, खर्चही नसतो. डर्माटोस्कोप या भिंगातून मादीचे डोके व पुढचे पाय गडद त्रिकोणासारखे दिसतात व त्यामागे बिळाची रेघ असते. आकाशात धूर सोडत गेलेल्या विमानाची उपमा तिला देतात. बिळावर तेलाचा थेंब टाकून कातडी हलकेच खरवडली आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर किडा सापडतो, पण दहा-पंधराच किडे असल्याने तो न सापडणेही स्वाभाविक आहे. ‘रिपोर्ट निगेटिव्ह’ आला म्हणून खरूज नाही, असे म्हणता येत नाही. १६८७ मध्ये इटलीतील जोव्हानी कोझिमो बोनोमो यांनी हा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे वर्णन केले, तेव्हा गरीब बायका आपल्या मुलांच्या कातडीतून सुईच्या टोकाने तो काढतात, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. वैद्यकाला मात्र ते पुरते पटायला १८३४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॉर्सिकाहून आलेल्या रेन्युची या विद्यार्थ्याने आपल्या बेटावरच्या बायकांची तीच युक्ती पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात करून दाखवली.

मुलांत इसब, घामोळे, कीटकदंशाचे पुरळ, साधे पुवाचे फोड आणि हात-पाय-तोंड रोग यांच्याशी गल्लत होते. इसब असलेल्या बाळाला खरूजही होऊ शकते, हे विशेष ध्यानात ठेवावे. सर्वांत मोठी दिशाभूल मात्र औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या, स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेल्या मलमाने होते. स्टेरॉइडमुळे दोन दिवस खाज दबते, पुरळाचे रूप बदलते, किडे मात्र निर्धास्त वाढत राहतात. आपल्याकडे हा प्रकार इतका सर्रास चालतो की ‘आतापर्यंत काय लावले’ हा प्रश्न तपासणीचाच भाग मानावा लागतो.

खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस हे जिवाणू शिरून पू होतो. त्यातील स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर काही आठवड्यांत मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. खरूज चिघळलेल्या मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला, लघवी कमी किंवा कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी रक्तदाब व लघवी तपासून घेतली पाहिजे. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांत हजारो-लाखो किडे असलेली जाड खपल्यांची खरूज होते. तीत खाज कमी आणि संसर्ग प्रचंड असतो.

उपचार : दोन महिन्यांवरील बाळांसाठी पर्मेथ्रिनचे ५ टक्के मलम हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. फक्त पुरळावर थापून त्याचा उपयोग होत नाही. मोठ्या मुलांना व प्रौढांना ते मानेपासून तळपायांपर्यंत सर्व कातडीवर, तर तान्ह्यांना आणि लहानग्यांना डोळे व तोंड यांच्या भोवतालची जागा सोडून टाळू, कपाळ, कानामागचा भाग यांसह सर्वांगाला लावतात. आधी गरम पाण्याने खसखसून आंघोळ घालण्याची जुनी रीत आता सांगत नाहीत; अंग कोरडे व गार असावे. बाळाच्या मनगट्या, वाळे आणि करगोटा काढून त्यांखाली, कापलेल्या नखांच्या कडांत, बोटांच्या बेचक्यांत आणि बेंबीच्या घडीत मलम जिरवावे. बाळ हात चोखते म्हणून त्याच्या हातांत मोजे घालावेत. मलम रात्री लावून ८ ते १४ तासांनी धुतात. मध्ये हात धुतले किंवा दुपटे ओले झाले, तर त्या जागी पुन्हा लावतात. अंगावर पाजणाऱ्या आईने स्तनाग्रावरचे मलम पाजण्यापूर्वी पुसून काढावे व नंतर पुन्हा लावावे. अंड्यांतून उशिरा निघालेले किडे मारण्यासाठी हेच सर्व ७ ते १४ दिवसांनी आणखी एकदा करतात.

३० ग्रॅमची एक ट्यूब साधारणपणे एका प्रौढाला एकदाच पुरते. खाज असो वा नसो, घरातल्या सर्वांनी एकाच रात्री औषध लावायचे असल्याने, पाच माणसांच्या घराला लिहून दिलेली एक ट्यूब म्हणजे अपयशाची चिठ्ठीच होय.

दोन महिन्यांखालील बाळांसाठी व्हॅसलिनमध्ये कालवलेले ५ ते १० टक्के गंधकाचे मलम लागोपाठ तीन रात्री वापरतात. त्याला वास येतो, कपड्यांना डाग पडतात, पण ते जुने आणि विश्वासाचे आहे. बेंझिल बेंझोएट झोंबते, म्हणून मुलांसाठी ते पातळ करतात. गामा बेंझिन हेक्झाक्लोराइड, म्हणजे लिंडेन, आपल्याकडे अनेक वर्षे वापरात होते. ते कातडीतून शोषले जाऊन झटके आणू शकत असल्याने मुलांना देऊ नये. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनाच्या दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ४ मिलिग्रॅम, या प्रमाणात एकदा आणि ७ ते १४ दिवसांनी पुन्हा देतात. १५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना त्या एरवी देत नाहीत. त्या अंडी मारत नाहीत, म्हणून दुसरी मात्रा टाळता येत नाही.

माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त तग धरत नाही, आणि साध्या खरजेत अंथरुणा-पांघरुणातून संसर्ग क्वचितच होतो, असे मेलनबींच्या प्रयोगांतही आढळले होते. त्यामुळे मागील तीन दिवसांतले कपडे, झबली व चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवणे पुरेसे असते. धुता न येणारी गोधडी पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवावी. भिंतींवर कीटकनाशक फवारण्यात अर्थ नाही.

किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीबरोबर झडेपर्यंत दोन ते चार आठवडे खाज राहते, आणि बाळांच्या गाठी तर काही महिने टिकतात. हे आधी सांगितले नाही, तर आई-वडील औषध लागू पडले नाही असे समजून ते रोज लावू लागतात व कातडी आणखी चिडते. चार आठवड्यांनंतरही नवी पुटकुळी किंवा नवे बीळ दिसले, तर मात्र औषध कसे लावले, कोण राहून गेले, हे पुन्हा तपासावे. अलीकडे युरोपातून पर्मेथ्रिनचा परिणाम उणावल्याच्या नोंदी आल्या आहेत, तरी बहुतेक घरांत राहून गेलेला माणूसच सापडतो.

आश्रमशाळा, वसतिगृहे, बालगृहे, ऊसतोड कामगारांच्या कोप्या अशा दाटीच्या ठिकाणी एकेका मुलावर उपचार करून भागत नाही. फिजीमधील बेटांवर संपूर्ण वस्तीला आयव्हरमेक्टिन दिल्यावर खरजेचे प्रमाण वर्षभरात ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आले, तर केवळ रुग्ण व त्यांच्या संपर्कातील लोकांवर उपचार केलेल्या वस्तीत ते ३६.६ वरून १८.८ टक्क्यांपर्यंतच उतरले. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकट्यादुकट्या मुलाला पहिला उपचार पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवण्यास हरकत नसते.