बाहेर कधी पडायचं? मुंबईचा १८६५चा शेअर-फुगा आणि गेम थिअरी

१ जुलै १८६५ रोजी मुंबईत शेअरच्या शेकडो वायद्यांची, म्हणजे ठरल्या तारखेला ठरल्या भावाने शेअर घेण्या-देण्याच्या करारांची, मुदत भरली. घेणाऱ्यांकडे पैसे नव्हते आणि देणाऱ्यांनाही व्यवहार पुरे करता येईनात. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांपर्यंत गेला होता, तो दोन हजारांच्याही खाली आला. समुद्र हटवून जमीन करायची आणि ती विकायची, हा या कंपनीचा धंदा. शेअर आभाळाला भिडला तेव्हा त्या जमिनीच्या जागी अजून बहुतेक पाणीच होतं.

या तेजीचं मूळ अमेरिकेत होतं. एप्रिल १८६१मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला. गिरणीमालक हिंदुस्थानकडे वळले. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून चढ्या भावाने जाऊ लागला आणि शहरात अमाप पैसा आला. तो मुरवायला जागा हवी म्हणून बँका, पतसंस्थांसारख्या कंपन्या आणि रेक्लमेशन कंपन्या निघत गेल्या. १८६०च्या सुमारास साठेक असलेले शेअर दलाल तेजीच्या काळात दोनशे-अडीचशेवर गेले.

हा इतिहास आपल्याकडे बहुधा लोभाची गोष्ट म्हणून सांगितला जातो: लोकांची मती फिरली आणि ते बुडाले. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं, कारण त्यातून काहीच शिकता येत नाही. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा कापसाचा आणि शेअरचा बाजार कोळून प्यायलेला माणूसही त्यात होरपळला. राजाबाई टॉवरसाठी ज्यांनी दोन लाख रुपये दिले, तेच हे प्रेमचंद. युद्ध कधीतरी संपणार आणि अमेरिकेचा कापूस परत येणार, हे ओळखायला कुणी पंडित असायची गरज नव्हती. मग शहाणी माणसं वेळेत बाहेर का पडली नाहीत?

इथे गेम थिअरी कामाला येते. माझा फायदा जेव्हा माझ्या निर्णयाइतकाच इतरांच्या निर्णयावरही अवलंबून असतो, तेव्हा प्रत्येकाने काय करणं सोयीचं ठरतं, याचं हे गणित. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६मध्ये शेअर बाजाराची तुलना वृत्तपत्रातल्या एका स्पर्धेशी केली होती. शंभर छायाचित्रांतले सहा सर्वांत सुंदर चेहरे निवडायचे, आणि ज्याची निवड सर्वांच्या सरासरी पसंतीशी जुळेल त्याला बक्षीस. अशा स्पर्धेत स्वतःला कोण आवडतं याला अर्थ उरत नाही. इतरांना कोण आवडेल, एवढंच नव्हे तर इतरांच्या मते इतरांना कोण आवडेल, याचा अंदाज बांधावा लागतो.

याचीच आकड्यांची आवृत्ती प्रयोगशाळेत खेळली जाते. प्रत्येकाने ० ते १०० मधला आकडा लिहायचा. सगळ्यांच्या सरासरीच्या दोन-तृतीयांश आकड्याच्या जवळ जो जाईल तो जिंकला. सगळे पूर्ण तर्काने खेळले तर प्रत्येकजण इतरांपेक्षा आणखी खाली जात राहतो आणि उत्तर शून्य येतं. पण रोझमारी नागेल यांनी १९९५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पहिल्या फेरीची सरासरी ३७च्या आसपास आली. म्हणजे ज्याने अचूक तर्क लढवून शून्य लिहिलं, तो हरला. इथे इतर लोक विचारांच्या किती पायऱ्या चढतील हे ओळखणारा जिंकतो.

मुंबईच्या १८६४मधल्या दलालाची अडचण हीच होती. भाव अवाजवी आहे हे त्याला कळत असेलही. पण आज विकलं आणि भाव आणखी सहा महिने चढत राहिला, तर तोटा त्याचाच. दिलीप अब्रेऊ आणि मार्कुस ब्रुनरमायर यांनी २००३मध्ये ही कोंडी गणिताने मांडली. फुगा आहे, म्हणजे भाव खऱ्या मोलापेक्षा फार वर गेलाय, हे एकेकाला वेगवेगळ्या वेळी उमगतं. आपल्याला उशिरा उमगलं की लवकर, हे कुणालाच ठाऊक नसतं. आणि फुगा फोडायचा तर पुरेशा लोकांनी एकाच सुमारास विकायला हवं. अशा स्थितीत जाणकारालासुद्धा काही काळ तेजीवर स्वार राहणंच फायद्याचं दिसतं. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आणि ‘सर्वांना ठाऊक आहे हे सर्वांना ठाऊक आहे’ अशी गोष्ट, या दोहोंतलं अंतर फुग्याला जगवतं.

९ एप्रिल १८६५ला दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली. ही बातमी मुंबईत पोचली तेव्हा ते अंतर संपलं. युद्ध संपणार हे लोकांना आधीही कळत होतं. आता शेजारच्या दलालालाही ते कळलंय आणि तो विकणार, हे प्रत्येकाला दिसलं. त्यात वायद्यांची १ जुलै ही तारीख डोक्यावर. एकाचे पैसे आले तरच तो दुसऱ्याचे देणार, दुसरा तिसऱ्याचे. साखळीतली एक कडी तुटली तरी मागचे सगळे अडकत होते.

मला या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो तो दोन बँकांमधला फरक. १७२०मध्ये लंडनच्या साउथ सी कंपनीच्या फुग्यात होअर्स बँकेने तो शेअर स्वतः घेतला, आणि नफा कमावून ती बाहेर पडली. पीटर टेमिन आणि हान्स-योआखिम फोथ यांनी तिच्या जुन्या वह्या तपासल्या. त्यांत दिसलं की हाच शेअर तारण घेऊन कर्ज देताना बँक हात आखडता घेत होती. म्हणजे भाव टिकणारा नाही हे तिला माहीत होतं. उलट बँक ऑफ बॉम्बेला १८६३च्या कायद्याने शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली आणि तिने ती सढळपणे वापरली. कर्जदाराच्या बाजूने पाहा: भाव चढला तर नफा त्याचा, कोसळला तर तोटा मुख्यतः बँकेचा. असा सौदा समोर असेल तर जोखीम वाढवत जाण्यात त्याचा हिशेब अगदी बरोबर होता. ही बँक, जिच्यात सरकारचंही भांडवल होतं, १८६८मध्ये गुंडाळावी लागली.

म्हणूनच पुढे जे टिकाऊ उपाय झाले ते माणसांना उपदेश करणारे नव्हते, खेळाचे नियम बदलणारे होते. आज क्लिअरिंग कॉर्पोरेशन प्रत्येक सौद्यात मध्ये उभी राहते, दोन्ही बाजूंकडून आगाऊ मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, घेते आणि सौदा पुरा होण्याची हमी देते. शेअरची रोखीची देवघेव आता दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी उरकते. १ जुलैसारखी साखळी तयार होणं त्यामुळे फार अवघड झालं आहे.

पण इतरांच्या मनाचा अंदाज घेण्याचा खेळ तसाच आहे. २००१पासून आपल्याकडे निर्देशांक १० टक्के हलला की ठरावीक काळ व्यवहार थांबतात, म्हणजे सर्वांना एकाच वेळी विचार करायला उसंत मिळते. १३ मार्च २०२०ला बाजार उघडताच कोसळला आणि ४५ मिनिटं बंद राहिला. त्यानंतर खरेदीदार परतले आणि सेन्सेक्स त्या दिवशी १,३२५ अंशांनी वर बंद झाला. दहा दिवसांनी, २३ मार्चला, तोच नियम लागू झाला, तेवढीच उसंत मिळाली. पुन्हा व्यवहार सुरू झाले तेव्हा प्रत्येकाला इतरांच्या मनात भीतीच दिसली, आणि सेन्सेक्स ३,९३५ अंश गमावून बंद झाला.