स्विचिंग कन्व्हर्टरमधला केऑस : पार्श्वभूमी

सर्किटमधला केऑस, म्हणजे नियमाने चालणाऱ्या सर्किटचे अंदाज न बांधता येणारे अनियमित वागणे, 1927 सालीच कानावर पडला होता. निऑन दिव्याच्या ऑसिलेटरला बाहेरून साइन सिग्नल देऊन कपॅसिटन्स वाढवत नेला, की ऑसिलेटरची वारंवारिता सिग्नलच्या निम्म्यावर, मग तृतीयांशावर अशी टप्प्याटप्प्याने उतरे. दोन टप्प्यांच्या मध्ये टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये खरखर येई. तीच केऑसची खूण, पण ती गौण ठरवून सोडून दिली गेली. 1961 मध्ये ॲनालॉग संगणकावर, 1983 मध्ये मुद्दाम रचलेल्या सर्किटमध्ये केऑस पुन्हा दिसला.

खरा वाद पॉवर सप्लायवाल्यांचा : स्विच चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा कन्व्हर्टर बिघडला तर दोष मॉडेलचा की बोर्डाचा? पीक करंट मोडमध्ये (करंट ठरलेल्या शिखराला पोचला की स्विच बंद करण्याच्या पद्धतीत) ड्यूटी, म्हणजे आवर्तनातला स्विच चालू असण्याचा वाटा, 0.5 च्या वर गेली की पल्स एक रुंद, एक अरुंद पडू लागतात, हे 1970 च्या दशकापासून ठाऊक होते. तरीही डिझाइनसाठी रूढ झाले ते सरासरी मॉडेल. एका आवर्तनाची सरासरी घेतली की आवर्तन दुप्पट होणे त्यातून गाळलेच जाते. सोय झाली, पण दोष मॉडेलचा असताना खापर बोर्डाच्या लेआउटवर फुटत राहिले.

गणित साधे आहे. बक (व्होल्टेज उतरवणारा) कन्व्हर्टर, आउटपुट 5 व्होल्ट, इंडक्टर 10 मायक्रोहेन्री. इनपुट 12 व्होल्ट असताना करंटमधली चूक दर आवर्तनात -0.71 पटीने बदलते, म्हणजे विरते. इनपुट 9 व्होल्टवर आला की करंट 0.4 अँपिअर प्रति मायक्रोसेकंदाने चढतो आणि 0.5 ने उतरतो. गुणक होतो -1.25 : 20 मिलिअँपिअरची चूक 25, मग 31, मग 39. गुणक -1 ओलांडतो तिथे बायफर्केशन, म्हणजे वागण्याची तऱ्हाच बदलते. त्यापुढे आवर्तन ठरावीक क्रमाने दुप्पट होत जाईलच असे नाही. करंट सरळ केऑसमध्येही शिरतो. म्हणून चाचणी किमान इनपुटवर घ्यायची. 12 व्होल्टवर ऑसिलोस्कोपवर सगळे आलबेल दिसते.

उपाय स्लोप कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे करंटच्या सिग्नलमध्ये एक कृत्रिम चढता रॅम्प मिसळण्याचा. करंटच्या उताराच्या निम्मा, इथे 0.25 अँपिअर प्रति मायक्रोसेकंद, रॅम्प जोडला की गुणक -0.38 वर येतो. पूर्ण 0.5 चा जोडला तर चूक एका आवर्तनात संपते. पण ड्यूटी वाढेल तशी पीक करंटची मर्यादा अधिकच खाली येते आणि कमी इनपुटवर पूर्ण लोड पेलत नाही. रॅम्प त्याहूनही वाढवत नेला, तर कंट्रोल लूप व्होल्टेज मोडसारखा (करंट न पाहता फक्त आउटपुट व्होल्टेजवरून चालणाऱ्या पद्धतीसारखा) वागू लागतो आणि करंट मोड निवडल्याचा फायदाच उरत नाही. निम्म्याच्या किंचित वर थांबणे केव्हाही बरे.