कृत्रिम सागरी मीठ : परीक्षण

प्रवाळ, समुद्रफुले व खाऱ्या पाण्यातील मासे पाळण्यासाठी बाजारात क्षारांचे तयार कोरडे मिश्रण मिळते. ते गोड्या पाण्यात विरघळवल्यावर तयार होणारे पाणी समुद्राच्या पाण्याशी कितपत जुळते, हे ठरवण्याच्या पद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे. पाळणारे या मिश्रणाला ‘सॉल्ट मिक्स’ किंवा नुसते ‘सॉल्ट’ म्हणतात.

समुद्राचे पाणी टाकी भरून आणावे, हा विचार बडोद्यात सहज सुचतो आणि लवकरच सोडून द्यावा लागतो. शहराला जवळ पडते ते खंबातच्या आखाताचे पाणी. तेथे भरती-ओहोटीतील फरक काही ठिकाणी 10 मीटरांच्या आसपास जातो. मही, साबरमती, नर्मदा यांनी आणलेला गाळ त्या ओढीत सतत ढवळत राहतो आणि पावसाळ्यात पाण्याची लवणता (क्षारांचे प्रमाण) उतरते. गुजरातचे प्रवाळ या आखातात नाहीत. ते कच्छच्या आखातात व ओखामंडळाच्या (द्वारकेभोवतीच्या प्रदेशाच्या) बाजूला आहेत.

ओखामंडळ हा गायकवाडांच्या बडोदा संस्थानाचाच भाग होता. तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत जेम्स हॉर्नेल यांनी तेथील सागरी जीवांची पाहणी केली व बडोदा सरकारला दिलेल्या त्यांच्या अहवालाचा पहिला भाग 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच किनाऱ्यावर कपिलराम वकील यांचा मीठ व संलग्न रसायनांचा उद्योग 1920 च्या दशकात उभा राहिला आणि 1939 मध्ये मिठापूरची टाटा केमिकल्स स्थापन झाली. भावनगरची मीठ व सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था 1954 ची. मिठाच्या रसायनाचे ज्ञान या प्रदेशात जुने आहे. प्रवाळ पाळण्यासाठी त्याचा उपयोग अलीकडचा दिसतो.

मिठागरातील मीठ या कामाला का चालत नाही, याचे उत्तर मिठागरातच मिळते. पाणी आटू लागले की आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम आणि सुमारे 25 अंश बोमे (द्रावणाची घनता मोजण्याचे माप) घनतेच्या पुढे साधे मीठ बसू लागते. मॅग्नेशियम, पोटॅशियम व ब्रोमाइड यांचा मोठा भाग उरलेल्या कडवट पाण्यात, म्हणजे बिटर्नमध्ये, राहतो. वाळवून गोळा केलेले मीठ समुद्रातून आलेले असले तरी त्यात समुद्र पुरा नसतो. स्वयंपाकाच्या मिठात वर आयोडीन व गुठळ्या होऊ न देणारे द्रव्य घातलेले असते, ते वेगळेच.

उगम : कृत्रिम समुद्रजलाचा पहिला मान कोणाचा, याबद्दल एकमत नाही. लंडनमध्ये 1854 च्या सुमारास निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस व रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन या दोघांनीही असे पाणी तयार केले होते. गॉस यांनी ब्रायटनजवळच्या इंग्लिश खाडीच्या पाण्याचे श्वाइट्झर यांनी केलेले पृथक्करण आधाराला घेतले, पण त्यातील चारच क्षार ठेवले : साधे मीठ, एप्सम क्षार (मॅग्नेशियम सल्फेट), मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड. कॅल्शियम सल्फेट विरघळण्यास कठीण व प्रमाणाने थोडे म्हणून गाळले. कॅल्शियम कार्बोनेट व ब्रोमाइड नगण्य म्हणून सोडले. कृतीचा प्रसार गॉस यांच्यामुळे झाला, हे बहुतेकांना मान्य आहे. मात्र रसायनज्ञाच्या काटेकोरपणाचा विचार करता वॉरिंग्टन यांचा दावा कमी लेखू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कॅल्शियम गाळूनही गॉस यांचे प्राणी जगले, याचे एक कारण लंडनच्या पाण्याचा मूळचा जडपणा, म्हणजे त्यात आधीच विरघळलेले कॅल्शियम, असू शकेल. शुद्ध पाण्यात हीच कृती केली असती, तर सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळाला ती मारक ठरली असती. ॲना थिन यांनी 1846 पासून लंडनमध्ये अश्मप्रवाळ (दगडी सांगाड्याचे प्रवाळ) जगवले होते, पण त्यांनी नैसर्गिक समुद्रजल वापरले. त्यामुळे हा मान त्यांच्याकडे जात नाही.

पुढील काळात लायमन व फ्लेमिंग यांची 1940 ची आणि केस्टर व सहकाऱ्यांची 1967 ची कृती प्रयोगशाळांत रूढ झाली. पाकिटबंद मिश्रणांचा व्यापार साधारण 1960 च्या दशकापासून वाढला.

परीक्षणाचे तत्त्व : समुद्रातील मुख्य आयनांचे (विरघळलेल्या क्षारांच्या विद्युतभारित कणांचे) परस्पर प्रमाण जवळजवळ स्थिर असते, असे मार्सेट यांनी 1819 मध्ये सुचवले. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सागरी संशोधन मोहिमेत (1872–76) गोळा केलेल्या 77 नमुन्यांचे पृथक्करण करून डिटमार यांनी 1884 मध्ये ते पक्के केले. म्हणूनच समुद्राच्या बाबतीत एक क्लोराइड मोजले तरी बाकीचे काढता येते. पाकिटाला हा नियम लागू नाही, आणि परीक्षणाची गरज नेमकी येथेच उभी राहते. लवणता हजारी 35 (हजार भाग पाण्यात 35 भाग क्षार) बरोबर आली तरी कॅल्शियम कमी, पोटॅशियम जास्त असे काहीही असू शकते. लवणतेच्या एका आकड्यावरून पाकिटाबद्दल काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

हजारी 35 लवणतेच्या समुद्रजलात दर किलोग्रॅमला क्लोराइड सुमारे 19.35 ग्रॅम, सोडियम 10.78, सल्फेट 2.71, मॅग्नेशियम 1.28, कॅल्शियम 0.41 व पोटॅशियम 0.40 ग्रॅम असते. क्षारकता (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता) सुमारे 2.3 मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे जर्मन मापात (केएच) साधारण 6.5. प्रवाळांसाठीच्या मिश्रणांत कॅल्शियम व क्षारकता मुद्दाम चढी ठेवण्याची प्रथा आहे. पाकिटावरचा आकडा लिटरमागचा की किलोमागचा, हे पाहावे. त्यात दोन टक्क्यांहून थोडा अधिक फरक पडतो. कॅल्शियम किलोला 412 मिग्रॅ. असेल तर लिटरला ते सुमारे 422 होते.

पद्धती : नमुना घेण्यातच बहुतेक चुका होतात. वाहतुकीत हादरे बसून बारीक कण खाली व जाड कण वर राहतात, त्यामुळे बादलीच्या तोंडाशी काढलेल्या मापात व तळाच्या मापात वेगळे रसायन मिळते. निरनिराळ्या पाळणाऱ्यांना एकाच मिश्रणाचे वेगळे निकाल मिळतात, त्यामागे पुष्कळदा हेच असते. वर, मध्ये व खाली असे तीन नमुने घ्यावेत किंवा लहान पाकीट पूर्ण विरघळवावे. लिटरला 35 ग्रॅम घालून हजारी 35 येत नाही. क्षारांत स्फटिकजल असल्याने साधारण 36 ते 40 ग्रॅम लागतात. बडोद्याच्या पावसाळ्यात उघडे पाकीट ओल धरते, कारण मॅग्नेशियम क्लोराइड हवेतले पाणी ओढते. मग तेवढ्याच वजनात क्षार कमी भरतो. ते तापवून कोरडे करावे म्हटले, तर मॅग्नेशियम क्लोराइडचे विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल निघते. पाणी आटवून लवणता काढण्याचा जुना प्रयत्न याच कारणाने फसला होता.

मीठ नेहमी पाण्यात टाकावे, मिठावर पाणी ओतू नये. उलट केल्यास क्षणभर तयार होणाऱ्या दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते व पुन्हा सहजी विरघळत नाही. मिश्रण 25 अंश सेल्सिअसला, हवा देत, एक दिवस ढवळत ठेवावे आणि मगच मोजावे. तळाशी पांढरा गाळ दिसला तर थोडा वेगळा काढून त्यावर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर तो कार्बोनेट आहे. क्षारकता केएच मापात 2.8 ने उतरली व त्याच वेळी कॅल्शियम लिटरला 20 मिग्रॅ. कमी झाले, तर दोन्ही आकडे एकमेकांची साक्ष देतात. दोहोंचा मेळ बसला नाही तर चाचणी पुन्हा करावी.

लवणता मोजताना स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून लवणता दाखवणारे उपकरण) फसवतो. अनेक उपकरणांची पट्टी साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते. त्यावर खरे 35 चे समुद्रजल 36.5 च्या आसपास दिसते. केवळ शुद्ध पाण्याने शून्य जुळवून ही चूक निघत नाही. शुद्ध सोडियम क्लोराइड 36.5 ग्रॅम व ऊर्ध्वपातित पाणी 963.5 ग्रॅम यांचे द्रावण समुद्रजलाच्या 35 इतकाच प्रणमनांक (प्रकाश वळवण्याचे माप) देते; समुद्रजलाची पट्टी असलेल्या उपकरणावर त्याचे वाचन 35 यावे. सर्व वाचने शेवटी 35 वर आणून तुलना करावी. उदा., 33 ला कॅल्शियम 400 आले, तर 35 ला ते 424 धरावे. एवढे न करता दोन मिश्रणांत डावे-उजवे करणे अन्यायाचे होते.

कॅल्शियमच्या अनुमापनात (ठरावीक द्रावण थेंबाथेंबाने टाकून मोजण्यात) गुलाबी रंग जांभळ्यावरून स्वच्छ निळा होईपर्यंत थेंब टाकत राहावे लागते. जांभळ्यावरच हात थांबला तर आकडा कमी येतो. शेवटचे थेंब सावकाश टाकून प्रत्येक थेंबानंतर बाटली हलवावी. क्षारकतेत आणखी एक पेच आहे. समुद्रात क्षारकतेत बोरेटचा (बोरॉनच्या संयुगाचा) वाटा जेमतेम चार टक्के असतो. काही मिश्रणांत बोरेट वाढवून केएच चढवलेला आढळे. अशा वेळी दोन पाकिटांचा केएच सारखा दिसतो, पण सांगाड्याला लागणारे कार्बोनेट एकात कमी असते. बोरॉन वेगळे मोजल्याशिवाय हे उघड होत नाही. बंद वातानुकूलित खोलीत पीएच कमी आला, तर दोष मिठाला देण्याआधी खिडकी उघडून पाहावे. साचलेला कार्बन डायऑक्साइड हे नेहमीचे कारण असते.

लेशधातू (अत्यल्प प्रमाणात असणारे धातू) : अ‍ॅटकिन्सन व बिंगमन यांनी 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात व्यापारी मिश्रणांचे पृथक्करण केले. मुख्य आयन बरेचसे जुळले, लेशधातू मात्र समुद्रापेक्षा पुष्कळ अधिक आढळले. पुढे शिमेक यांनी समुद्रसाळूच्या अळ्यांवर चाचण्या करून ताज्या मिश्रणांपैकी काही विषारी असल्याचे मत मांडले. होवानेक यांनी स्वतंत्र चाचण्यांच्या आधारे त्याला विरोध केला. खुल्या समुद्रातील तांबे लिटरला मायक्रोग्रॅमच्या काही दशांशांइतके असते, आणि एवढ्या खाऱ्या द्रावणात इतके थोडे तांबे मूलद्रव्ये मोजणाऱ्या नेहमीच्या आयसीपी यंत्राला ओळखणे अवघड असते. म्हणून अहवालातील ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घेऊ नये. अळ्यांच्या चाचणीचे निकाल टाकीतल्या प्रौढ प्रवाळांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, हा आक्षेप अधिक सयुक्तिक वाटतो.

बडोद्यात तांबे मिठापेक्षा पाण्यातून येण्याचा धोका मोठा. शहराला आजवा तलावाचे पाणी 1892 पासून मिळते, मही नदीकाठच्या विहिरींचेही मिळते. ते आरओ (सूक्ष्म पडद्यातून गाळणारे यंत्र) व डीआय रेझिन (उरलेले आयन काढून घेणारे कण) यांमधून काढून टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण) शून्यावर आणावे लागते. स्वयंपाकघरातील आरओ यंत्र येथे चालत नाही. चवीसाठी त्यात खनिजे परत मिसळली जातात आणि काही यंत्रांत तांब्याचे कार्ट्रिज असते. माणसाला ते बाधत नाही, पण कोळंबी, गोगलगाय व प्रवाळ यांना अत्यल्प तांबेही घातक ठरते. मिश्रणाची चाचणी करण्यापूर्वी नुसत्या पाण्याची कोरी चाचणी घ्यावी ती यासाठीच.

टाकीत काय ठेवावे, याला कायद्याची मर्यादा आहे. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान 1982 मध्ये घोषित झाले. अश्मप्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले असून किनाऱ्यावरून ते तोडून आणणे गुन्हा आहे.