फोर-व्हील लागत नाही म्हणजे ट्रान्सफर केस गेला?

पिकअपची फोर-व्हील ड्राइव्ह लागेना की ‘ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) गेला’ असं सर्रास सांगतात. पार्ट-टाइम प्रणालीत (गरजेपुरतीच पुढची चाकं जोडणाऱ्या) दोष बरेचदा पुढच्या ॲक्सलजवळ, तो ॲक्सल जोडणाऱ्या ॲक्चुएटरमध्ये (व्हॅक्यूमवर किंवा विजेवर सरकणाऱ्या भागात) असतो. खोलण्याआधी तपासा.

4H (फोर-व्हीलचा नेहमीच्या वेगाचा पर्याय) निवडा, गाडी फूटभर पुढे-मागे करून दाते बसू द्या. मग इंजिन बंद, गिअर पहिल्यात (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये), हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना उटी (अडसर) लावलेली. आता खाली जाऊन पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) हाताने फिरवा. घट्ट राहिला तर ट्रान्सफर केसने बहुधा आपलं काम केलंय. दोष बहुधा पुढे, ॲक्सलकडे आहे. मोकळा फिरला तरी आधी फ्यूज, स्विच आणि शिफ्ट मोटर (ट्रान्सफर केस 4H-4L मध्ये बदलणारी) बघा.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ॲक्चुएटरची रबरी नळी वळणावर तडकते. बोटांनी वाकवली की बारीक भेग उघडते. हँडपंपाने ॲक्चुएटरला साधारण 15 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम द्या. काटा घसरला तर आतला रबरी पडदा बहुधा फाटलाय. काटा स्थिर, पण ॲक्चुएटरचा दांडा हलत नाही? मग शिफ्ट फोर्क (दाते सरकवणारा काटेरी भाग) बहुधा गंजून अडकलाय. विजेच्या ॲक्चुएटरला स्विच फिरवतानाच मोजा, कारण 12 व्होल्ट बहुधा क्षणभरच येतात.

आणि 4L (कमी वेग, जास्त ताकदीचा पर्याय) साठी गाडी जवळजवळ थांबलेली, गिअर न्यूट्रलमध्ये हवा. 4L न लागणं हा कित्येकदा बिघाडच नसतो.